खाल्लेली साखर जाते कुठे? स्नायू, मधुमेह आणि एका संशोधकाचे आयुष्यभराचे काम

मधुमेह तपासणीची शिबिरे सांगलीला आता नवी राहिलेली नाहीत. विश्रामबाग असो की मिरज, कुठल्या तरी मंडळाचा मंडप पडतो, सकाळी उपाशीपोटी आलेली माणसे बोट पुढे करतात, सुई टोचली की रक्ताचा थेंब पट्टीवर जातो आणि काही सेकंदांत यंत्रावर आकडा उमटतो. आकडा जास्त आला की पुढचे वाक्य ठरलेले असते : ‘मी गोडाला हात लावत नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो, मग शुगर निघाली कशी?’ भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज समोर आला. म्हणजे हा प्रश्न विचारणारे थोडेथोडके नाहीत.

प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. रक्तातली साखर वाढते ती एक तर अन्नातून किंवा यकृतातून जास्त आली म्हणून, नाही तर आलेली साखर जिथे जायला हवी तिथे गेली नाही म्हणून. दुसऱ्या शक्यतेचा विचार आपण सहसा करत नाही. साखरेची ती जागा म्हणजे प्रामुख्याने आपले स्नायू होत. स्नायू साखर आत कशी घेतात, हे उलगडण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्यांपैकी एक नाव जॉन होलोसी यांचे आहे. ते १९३३ मध्ये व्हिएन्नात जन्मले, अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी पाच दशकांहून अधिक काळ काम केले आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्याकडे वैद्यकीय वर्तुळाबाहेर हे नाव कोणी घेत नाही. मात्र ‘रोज चाला’ या डॉक्टरांच्या सल्ल्यामागचे बरेचसे शास्त्र त्यांच्या प्रयोगशाळेतून आलेले आहे.

रक्तात साखर असते तरी किती?

आपण ज्याला ‘शुगर’ म्हणतो ते ग्लुकोज. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुकोज असते. अंगात साधारण पाच लिटर रक्त धरले तर सगळ्या शरीरभर फिरणारी ही साखर जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा भरते. आता ज्वारीची एक मोठी भाकरी पचली की तिच्यातून साधारण ५० ग्रॅम ग्लुकोज तयार होते, म्हणजे रक्तातल्या एकूण साखरेच्या दहापट. ते सगळे रक्तातच साठत राहिले असते तर एका जेवणात आकडा हजाराच्या घरात गेला असता. निरोगी माणसाचा आकडा मात्र जेवणानंतर १४० च्या आसपास थांबतो आणि दोन-तीन तासांत पूर्ववत होतो. ज्यांचा उपाशीपोटीचा आकडा १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा तीन महिन्यांची सरासरी ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त येते, त्यांना फेरतपासणीनंतर मधुमेह ठरवला जातो. मध्ये जो फरक पडतो, तो साखर उचलून घेण्याच्या ताकदीचा असतो. गोड सोडल्याने येणारी साखर थोडी घटते, परंतु भाकरी, भात आणि पोहे यांची साखर येतच राहते. साखरेऐवजी गूळ घेणाऱ्यांनी तर फारसे काहीच सोडलेले नसते, कारण गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो.

मेंदू आपल्या वाट्याचे ग्लुकोज घेतो, यकृतही बरेच उचलते. पण रक्तात इन्शुलिन भरपूर असते तेव्हा सर्वांत मोठा वाटा स्नायूंकडे जातो. राल्फ डीफ्रॉन्झो यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या मोजणीच्या पद्धतीतून पुढे असे दिसले की, शिरेतून इन्शुलिन आणि ग्लुकोज देत राहिल्यास त्यातील ८० टक्क्यांच्या आसपास ग्लुकोज स्नायू घेतात. घरच्या जेवणानंतरचे प्रमाण याहून कमी असते, तरी रोख तोच राहतो. स्नायूंमध्ये हे ग्लुकोज साखळीच्या रूपात बांधून ठेवले जाते. त्या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. सर्वसाधारण माणसाच्या स्नायूंत असा साठा ४०० ग्रॅमच्या आसपास आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास असतो.

हरिपूरचे पेव

हे समजून घ्यायला सांगलीकरांना दूर जावे लागत नाही. हरिपूरच्या मातीत हळद साठवण्यासाठी खोदलेली पेवे होती आणि काही आजही आहेत, जरी २००५ च्या महापुराने त्यांतील पुष्कळशी निकामी केली. पेवाचे तोंड अरुंद आणि पोट मोठे असते. हळद आत उतरवली की तोंड मातीने बंद करायचे, आणि भाव येईपर्यंत माल सुखरूप राहतो. समजा, बाजार समितीच्या आवारात सौद्याचा माल येतो आहे. आवार म्हणजे रक्त, पोती म्हणजे ग्लुकोज आणि पेव म्हणजे स्नायू. पेवाचे तोंड उघडण्यासाठी वखारीच्या मालकाची चिठ्ठी लागते. ती चिठ्ठी म्हणजे स्वादुपिंडातून निघणारे इन्शुलिन. चिठ्ठी आली की तोंड उघडते, पोती आत उतरतात आणि आवार मोकळे होते.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात (आपल्याकडचे बहुतांश रुग्ण याच प्रकारचे असतात) सुरुवातीला चिठ्ठीची कमतरता नसते, उलट चिठ्ठ्या जास्तच निघतात. पण पेवावरचा माणूस त्या वाचून न वाचल्यासारखे करतो. यालाच इन्शुलिन-प्रतिरोध म्हणतात. वर्षानुवर्षे जादा चिठ्ठ्या लिहून स्वादुपिंड थकते, आणि मग आवारात पोत्यांच्या थप्प्या लागतात. जेराल्ड शुलमन यांच्या गटाने १९९० मध्ये रुग्णांच्या स्नायूंतील ग्लायकोजेन बाहेरूनच, चुंबकीय पद्धतीने मोजले. तेवढेच ग्लुकोज आणि इन्शुलिन असतानाही मधुमेही स्नायूंत साठवणुकीचा वेग निरोगी माणसांच्या निम्म्याहून कमी होता.

मग चिठ्ठीवाचून तोंड उघडण्याचा काही मार्ग आहे का? होलोसी यांच्या कामाची सुरुवात इथूनच झाली.

बेडकाच्या स्नायूपासून सुरुवात

वॉशिंग्टन विद्यापीठ ही ग्लायकोजेनच्या अभ्यासाची जुनी पेठ. ग्लायकोजेन कसे तयार होते आणि कसे मोडते, हे शोधल्याबद्दल १९४७ चे नोबेल मिळवणारे कार्ल आणि गर्टी कोरी हे दांपत्य तिथलेच. तरुण होलोसी तिथे दाखल झाले आणि हिरोमिची नाराहारा यांच्याबरोबर त्यांनी बेडकाच्या पायातील सुट्या स्नायूवर काम केले. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात शरीरापासून वेगळा केलेला स्नायू विजेच्या झटक्यांनी आकुंचन पाववला गेला. आकुंचन झालेल्या स्नायूत साखरेसारखा रेणू अधिक वेगाने शिरला, आणि तेही इन्शुलिन न घालता.

पेवाच्या भाषेत सांगायचे तर (इथे ही उपमा थोडी ताणावी लागते) पेवात काम करणाऱ्या माणसाला माल हवा असला की तो आतूनच तोंड उघडतो. बाहेरच्या चिठ्ठीची त्याला गरज पडत नाही.

या ‘तोंडा’चा खरा पत्ता पुढे १९८८ मध्ये लागला. ग्लुट-४ नावाचे एक प्रथिन स्नायूपेशीच्या आत छोट्या पिशव्यांत दडलेले असते. इन्शुलिनचा निरोप आला, किंवा स्नायूने काम केले, की ते पेशीच्या पृष्ठभागावर येते आणि ग्लुकोजला आत घेते. निरोप पोचण्याचे रस्ते दोन, पण दोन्ही शेवटी ग्लुट-४ पाशीच येतात. मधुमेहात पहिला रस्ता अडलेला असतो, दुसरा बऱ्याच अंशी शाबूत राहतो. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णांनी व्यायाम केल्यावर त्यांच्या स्नायूंत ग्लुट-४ निरोगी माणसांप्रमाणेच पृष्ठभागावर येते, असे लॉरी गुडइयर यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवले. माझ्या मते या संपूर्ण विषयात रुग्णाला धीर देणारी याहून मोठी गोष्ट नाही, आणि शिबिरात नेमकी तीच सांगितली जात नाही.

धावणारे उंदीर

होलोसी यांचे नाव जगभर झाले ते मात्र १९६७ मधील दुसऱ्या एका शोधनिबंधामुळे. व्यायामाने दम वाढतो तो हृदय आणि फुप्फुसे सुधारतात म्हणून, अशी तोवरची समजूत होती. होलोसी यांनी उंदरांना बारा आठवडे सरकत्या पट्ट्यावर पळवले, वेळ वाढवत वाढवत रोज दोन तासांपर्यंत नेला आणि मग त्यांच्या पायांचे स्नायू तपासले. पेशीत इंधन जाळून ऊर्जा तयार करणारे जे सूक्ष्म भाग असतात, म्हणजे मायटोकाँड्रिया, त्यांची इंधन जाळण्याची क्षमता या उंदरांत जवळजवळ दुप्पट झाली होती. स्नायू केवळ ओढणारी दोरी नाही. मागणीप्रमाणे तो आपली आतली यंत्रणा नव्याने बांधतो, हे तेव्हा प्रथमच इतक्या स्पष्टपणे दिसले. व्यायामाच्या जीवरसायनशास्त्राची सुरुवात अनेक जण या निबंधापासून मोजतात.

१९९४ मध्ये त्यांच्याच गटाने पोहणाऱ्या उंदरांच्या स्नायूंत दोन दिवसांत ग्लुट-४ ची मात्रा सुमारे दुप्पट झाल्याचे दाखवले. म्हणजे तोंड उघडण्यापुरताच हा बदल नव्हता, तोंडेही वाढत होती.

‘उंदरांचे ठीक आहे, माणसांचे काय?’

हा आक्षेप योग्यच आहे आणि होलोसी यांनी तो टाळला नाही. १९८३ मध्ये त्यांच्या गटाने उत्तम सराव असलेल्या आठ जणांना दहा दिवस व्यायाम पूर्ण बंद करायला सांगितला. आधी आणि नंतर ग्लुकोजचे पाणी पाजून रक्त तपासले. दहा दिवसांनी त्याच ग्लुकोजसाठी त्यांच्या शरीराला कमाल पातळीवर जवळजवळ दुप्पट इन्शुलिन सोडावे लागले. मग त्यांनी फक्त एकदा व्यायाम केला आणि आकडे बहुतांशी पूर्वपदावर आले. दहा दिवसांत कोणाचे पोट सुटत नाही. त्यामुळे हा फरक वजनाचा नव्हता, थेट स्नायूचा होता. १९८८ मध्ये याच प्रयोगशाळेने सौम्य मधुमेह असलेल्या पुरुषांकडून सात दिवस जोरकस व्यायाम करून घेतला, आणि वजन न घटताही त्यांची साखर पेलण्याची क्षमता सुधारली.

कोपनहेगनचे एरिक रिश्टर यांचा १९८९ चा प्रयोग तर इतका सुटसुटीत आहे की तो शाळेतही सांगता येईल. त्यांनी माणसांना एकाच पायाचा व्यायाम करायला लावला, काही तास जाऊ दिले आणि मग इन्शुलिन देऊन दोन्ही पाय स्वतंत्रपणे मोजले. रक्त तेच, इन्शुलिन तेच, माणूस तोच; पण राबलेला पाय बसलेल्या पायापेक्षा जास्त ग्लुकोज उचलत होता.

यातून दोन गोष्टी निघतात. व्यायामाचा फायदा ज्या स्नायूने काम केले त्यालाच होतो, म्हणून मांड्या, पिंढऱ्या आणि पाठ अशा मोठ्या स्नायूंना काम मिळाले पाहिजे. दुसरे म्हणजे हा फायदा नाशवंत आहे, तो एक-दोन दिवसांत ओसरू लागतो. व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा पडू देऊ नये, आठवड्यात एकूण दीडशे मिनिटे भरावीत आणि दोन-तीन दिवस वजन उचलण्याचा किंवा जोर-बैठकांसारखा व्यायाम असावा, हे मधुमेहाच्या मार्गदर्शक सूचनांतील नियम या निरीक्षणांशी थेट जोडलेले आहेत. रविवारी आमराईत तासभर फिरून येताना मिसळ खाणाऱ्याने उरलेल्या सहा दिवसांचा हिशेब करावा.

तालमींच्या या मुलखात तर या गोष्टीचा प्रत्यय नेहमीच येतो. कवठे पिरानच्या हिंदकेसरी मारुती माने यांच्या जिल्ह्यात मल्लाचा खुराक कोणाला समजावून सांगावा लागत नाही. हजार बैठका मारणाऱ्याचे स्नायू बदाम, दूध आणि तूप पचवून पुन्हा हात पसरतात. पण नोकरी किंवा संसार मागे लागला की तालीम सुटते आणि खुराक सुटत नाही. चाळिशीत अशा माणसाचे कमावलेले शरीर बाहेरून दमदार दिसते, आतल्या पेवांचे तोंड मात्र कधीच बंद झालेले असते.

‘मी तर बारीक आहे’

सडपातळ माणसाला मधुमेह झाला की घरचे नशिबाला बोल लावतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. एक जण मॅरेथॉन धावणारा, आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी पळत गाठणे, अशी मिश्किल नोंदही त्यांनीच केली आहे.

ही नुसती गंमत नव्हती. पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास याज्ञिक यांच्या गटाने १९९० च्या दशकात सुरू केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो भरले. आपली बाळे सगळ्याच बाबतींत लहान होती, परंतु स्नायूंत ती जितकी मागे होती तितकी त्वचेखालच्या चरबीत नव्हती. याचा अर्थ आपल्यापैकी अनेक जण जन्मतःच पेवे कमी घेऊन येतात. तराजूवरचा आकडा चांगला असणे म्हणजे स्नायू चांगले असणे नव्हे, आणि म्हणूनच भारतीयांत लठ्ठपणाकडे जाणारी रेघ २५ ऐवजी २३ च्या निर्देशांकावर ओढतात.

‘दिवसभर राबतोच की!’

दुकानात दहा तास उभे राहणे थकवते, पण त्यात मोठ्या स्नायूंचे वारंवार आकुंचन फारसे होत नाही. शेतीचेही चित्र बदलले आहे. बांधापर्यंत मोटारसायकल जाते, नांगरट ट्रॅक्टरने होते आणि रात्रीची पाण्याची पाळी असली तरी विहिरीवरची मोटर घरबसल्या मोबाइलवरून चालू करता येते. ऊस तोडायला बाहेरून टोळी येते. खाण्याचे प्रमाण मात्र वडिलांच्या काळच्या अंगमेहनतीला साजेसे राहिले. घरातल्या बाईचे काम संपत नाही हे खरेच आहे, तरी गिरणी, मिक्सर आणि नळ आल्यावर त्या कामातली अंगमेहनत घटली, हेही तितकेच खरे.

जेवणानंतर लगेच चालण्याला इथे वेगळे महत्त्व आहे, कारण पोती आवारात येत असतात नेमकी तेव्हाच तोंड उघडते. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात मधुमेही व्यक्तींना एक तर रोज कधीही तीस मिनिटे, किंवा प्रत्येक मोठ्या जेवणानंतर दहा-दहा मिनिटे चालायला सांगितले. दुसऱ्या पद्धतीत जेवणानंतरची साखर सुमारे १२ टक्क्यांनी कमी राहिली. आपल्या शतपावलीला कोणाच्या प्रमाणपत्राची गरज होती असे नाही, फक्त ती शंभर पावलांवर न थांबवता दहा मिनिटे चालवावी आणि मोबाइल घरी ठेवावा.

एका मोहाला नकार

होलोसी यांच्या कारकिर्दीतील मला सर्वांत आवडणारा भाग उतारवयातला आहे. २००० नंतर अशी मांडणी लोकप्रिय झाली की, मायटोकाँड्रिया कमी पडल्यामुळेच स्नायू इन्शुलिनला जुमानत नाहीत. मायटोकाँड्रिया वाढवण्याचा शोध ज्यांच्या नावावर होता, त्यांना ही मांडणी सोयीची होती. होलोसी यांनी मात्र तिला विरोध केला. २००८ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले की, भरपूर चरबीयुक्त आहारावर ठेवलेल्या उंदरांत मायटोकाँड्रिया वाढतात आणि तरीही इन्शुलिन-प्रतिरोध निर्माण होतो. त्यांचे म्हणणे असे की, मूळ दोष गरजेपेक्षा जास्त खाण्यात आणि हालचाल न करण्यात आहे. ‘मायटोकाँड्रिया वाढवणारी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या पूरक गोळ्यांच्या जाहिराती वाचताना हे लक्षात असलेले बरे.

‘आता इंजेक्शने आली आहेत, मग व्यायाम कशाला?’

२०२५ पासून वजन आणि साखर दोन्ही घटवणारी नवी साप्ताहिक इंजेक्शने भारतात मिळू लागली आणि मिरजेच्या दवाखान्यांतही त्यांची विचारणा होऊ लागली. ती परिणामकारक आहेत, यात शंका नाही. परंतु वेगाने घटणाऱ्या वजनात केवळ चरबी नसते. उपासाने असो, शस्त्रक्रियेने असो की औषधाने, उतरलेल्या वजनाचा साधारण पाव भाग, कधी त्याहून जास्त, चरबीखेरीजच्या शरीराचा असतो आणि त्यात स्नायूही येतात. ज्यांच्याकडे मुळातच स्नायू कमी, त्यांनी औषधाबरोबर पुरेशी प्रथिने आणि ताकदीचा व्यायाम सांभाळला नाही, तर आवार मोकळे करताना पेवेही बुजवली जातात.

‘मग गोळ्या सोडून चालायलाच लागतो’

असे करू नये. स्नायूचा स्वतंत्र रस्ता हा इन्शुलिनचा पर्याय नाही, कारण यकृतातून सुटणाऱ्या साखरेला आवर घालणे आणि चरबीचे विघटन रोखणे ही कामे इन्शुलिनच करते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीर स्वतःचे इन्शुलिन जवळजवळ बनवतच नाही. अशा रुग्णाने इंजेक्शन टाळून व्यायाम केला तर साखर घटण्याऐवजी वाढू शकते आणि रक्त आम्लधर्मी होऊन जिवावर बेतू शकते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ग्लिमेपिराइडसारखी (स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन सोडायला लावणारी) गोळी किंवा इन्शुलिन घेणारा माणूस उपाशीपोटी डोंगर चढायला किंवा उसाच्या बांधणीला गेला, तर दोन्ही रस्त्यांनी एकदम साखर उतरते आणि हातापायांना कापरे भरणे, दरदरून घाम फुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे असे प्रकार होतात. अशा वेळी गूळ किंवा साखर लगेच खायची आणि बसून राहायचे. खिशात तेवढी पुडी असावी. व्यायामाचा परिणाम दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत असल्यामुळे रात्री झोपेतही साखर उतरू शकते. त्यामुळे नवा व्यायाम सुरू करताना आठ-दहा दिवसांचे आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावेत आणि मात्रा त्यांच्याकडूनच बदलून घ्यावी. तळपायाची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी फिरू नये आणि घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या रोज पाहाव्यात. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्चीवर बसून पाय सरळ करण्याचा व्यायामही चालतो. रिश्टर यांच्या प्रयोगातही मांडीच्या त्याच स्नायूंना काम दिले होते.